गौरींच्या आधीच्या गोळ्या

ते प्रकरण आठवलं की आजही माझी चिडचिड होते. चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात यांचा मला इतका त्रास कधी झाला नाही.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या भागात गेली. पोलीस ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे आपली माणसं थेट माझं नाव विचारत यायची. त्या सकाळी काउंटरवर एक गृहस्थ उभे होते. सॉफ्टवेअरमधले, चाळिशी ओलांडलेले, रागानं लाल झालेले. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं होतं की या गृहस्थांच्या अकरावीतल्या मुलीला एका क्लिनिकमधून बाहेर पडताना पाहिलं. गृहस्थांनी मुलीचं दप्तर उपसलं. त्यात गोळ्या निघाल्या.

त्यांनी प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे आपटली. "काका, क्लिनिकवर केस फाइल करा. माझ्या परमिशनशिवाय मुलीला गर्भनिरोधक गोळ्या देतात म्हणजे काय?"

मी समजावलं. या राज्यात अल्पवयीन मुलगी अशा औषधासाठी स्वतः संमती देऊ शकते. पालकांना कळवायचं की नाही, हे तीच ठरवते. यात गुन्हा नाही.

"शाळेत डोकेदुखीची गोळी द्यायची तर माझी सही लागते. आणि याला नाही?"

प्रश्न रास्त होता. "कायदा तसा आहे," एवढंच म्हणालो.

"मग मी माझ्या कायद्यानं जातो. तिचं शनिवारचं तिकीट काढलंय. नागपूरला माझ्या भावाकडे राहील. शाळा, मित्रमैत्रिणी, सगळं बंद."

तिथं मी कान टवकारले. तक्रार फेटाळून मोकळं होता आलं असतं, पण मुलीची विचारपूस करणं आता भाग होतं.

जाण्यापूर्वी पिशवी उजेडात धरली. पट्टी अर्धी होती, कडेला कात्रीनं कापलेली. मागे उभी लाल रेघ, भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांवर असते तशी. अमेरिकेतला कुठला फार्मसिस्ट कात्रीनं पट्टी कापून देतो? ते काम आपल्याकडच्या मेडिकलवाल्याचं. शिवाय अशा पट्ट्या मी माझ्या पत्नीच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी पाहिल्या होत्या. ती या वर्षी गेली. खण मी अजून आवरलेला नाही.

सहकारी महिला अधिकाऱ्याला घेऊन त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये गणपतीची आरास अजून तशीच होती. प्रथेप्रमाणे आधी मुलीशी वेगळं बोललो. सहकारी अधिकाऱ्यानं विचारलं, घरात मारहाण होते का, भीती वाटते का. मुलीनं मान हलवली. "नो. बट ही इज सेंडिंग मी अवे." क्लिनिकबद्दल आम्ही एक शब्दही काढला नाही.

मग पट्टी चहाच्या टेबलावर ठेवली आणि मुलीच्या आईकडे पाहिलं.

"ताई, ही भारतातून कुणी आणली?"

"मीच. गौरी बसायच्या होत्या आणि हिची डेट नेमकी त्याच दिवसांत. पाळी पुढे ढकलायला दिल्या. माझ्या आईनं मला दिल्या होत्या, मी हिला दिल्या."

"डॉक्टरांना विचारलं?"

"अहो, देवाचं काम होतं."

"आणि तिला?"

सोफ्याच्या टोकावरून मुलगी म्हणाली, "आई सेड टेक इट. मला चक्कर येत होती, तरी सेड टेक इट."

गृहस्थ गोंधळले. "पण त्या वेगळ्या असतात ना? साध्या?"

मला हसावं की ओरडावं कळेना. "हॉर्मोनच आहेत साहेब. देवासाठी चालतात, आणि तिनं स्वतःसाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला की पोलीस लागतात? रिपोर्ट लिहायचाच तर त्यात क्लिनिकचं नाव येणार नाही. प्रिस्क्रिप्शनशिवाय मुलीला औषध कुणी दिलं, ते येईल. पत्ता तुमचाच."

गृहस्थांनी मुलीकडे मान वळवली. "मग तू तिथं गेली होतीस कशाला?"

"तो प्रश्न माझा नाही," मी म्हणालो. "तिनं सांगितलं तर तुमचा."

आई उठल्या. "तिकीट कॅन्सल करा. नाहीतर दोन काढा. गोळ्या मी दिल्यात, मीही जाते नागपूरला."

गृहस्थ बराच वेळ फोन हातात धरून बसले. शेवटी तिकीट कॅन्सल केलं. पण निघताना मला म्हणाले, "तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं."

वर्दीत असताना अशी वाक्यं ऐकून घ्यायची असतात.

या प्रकरणानं मला शिकवलं ते फार मोठं नाही. लोक कायद्यावर चिडतात, कारण तो त्यांच्या मुलांना आधी विचारतो. घरात तेवढं कुणी करत नाही. ते करायला पोलीस कशाला लागावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी निघताना आमच्या गाडीपर्यंत मुलगी आली होती. "काका, मी क्लिनिकमध्ये का गेले ते तुम्ही विचारलंच नाही."

"मला तो अधिकार नव्हता."

"अधिकार नाही म्हणून कोणी विचारायचं थांबतं का?" ती म्हणाली, आणि घराकडे वळली.