पुठ्ठ्याचे पाय

आप्पा माणसाचं तोंड शेवटी बघायचे. आधी पाय. आम्ही सुरतेत पांडेसऱ्यात राहायला आलो त्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन खोलीच्या दारात उभी होते. शेजारच्या गाळ्यातून एक उंच, वाकलेला माणूस तेलकट हात पुसत बाहेर आला आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "डावा पाय आत टाकीसन चालस तू, माय. लहानपनी मोडेल व्हता का?"

मोडला होता. चिंचेवरून पडले होते. माझ्या नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि आत पळाले.

आप्पा शिंदखेड्याकडचे. बायको केव्हाच वारली होती, मुलगी गावाकडे दिलेली. गाळ्यात एक लेथ मशीन होतं, त्यावर ते लूमचे सुटे भाग करायचे. पण कतारगामपासून पोरं त्यांना शोधत यायची ती पायांसाठी. पाय म्हणजे जोरात पळणाऱ्या मोटारसायकलचे फुटरेस्ट, गिअरचा दांडा आणि ब्रेकचं पेडल. गाडीचे मूळचे फुटरेस्ट पुढे आणि खाली असतात. टाकीवर आडवं होऊन गाडी पळवायची तर ते मागे आणि वर घ्यावे लागतात. मुंबईहून तयार चकचकीत सेट यायचे. पोरं ते घेऊन आली की आप्पा हातात धरून उलटेसुलटे करायचे. म्हणायचे, "चांगलं शे. पन कोना पायनं शे?"

त्यांच्याकडे एका लाकडी घोडीवर जुनी टाकी आणि सीट बसवलेली होती. पोराला तिच्यावर बसवायचं, डोळे मिटायला लावायचं. "असा काय बसला? सासरा समोर शे का? आडवा हो." मग ते विचारायचे, फुटरेस्ट दुमडणारा पाहिजे की पक्का? दांडा लांब की आखूड? पोरं फक्त मागे घ्या, अजून मागे घ्या, एवढंच म्हणायची. आप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पहिले थांबानं ठरव. पयानं मंग देखू." आधी ब्रेकच्या पेडलची जागा ठरायची. टाच न उचलता पंजा पेडलवर पुरा पडला पाहिजे. ते जमलं की मगच बाकीचं.

माप साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर घ्यायचे. बुटाभोवती खडू फिरवायचे आणि पुठ्ठा माझ्याकडे द्यायचे, कारण मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापायची माझी कात्री चांगली होती. मी पाय कापून द्यायचे. त्यावर नाव लिहून आप्पा तो खिळ्याला लावायचे. भिंतभर पाय लटकत असायचे. माझ्याशी बोलताना ते उत्तराची वाट बघत नसत, म्हणून मला त्यांच्यापुढे अवघडायला व्हायचं नाही. माझ्या शिलाई मशीनची पायपट्टी मोडली तेव्हा त्यांनी नवी करून दिली. माप घेताना म्हणाले, "तू अनवानी चालवस ना? मंग अनवानीच चालव."

एक नियम मात्र होता. चपलेवर ते माप घेत नसत. "चप्पल आज पायात शे, सकाय रस्तामा पडी. बूट घालीसन ये. आनि ज्यावर माप दिशी त्यावरच गाडी चालव."

विनोद माझ्या नवऱ्याच्याच डाईंग मिलमध्ये होता. चाळीत दोन खोल्या सोडून राहायचा. चणीने लहान, तोंडाने मोठा. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी त्याने जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली. एके सकाळी दारात आला.

"वहिनी, भाऊचे बूट द्या ना. अर्धा तास."

मी वळून आत बघितलं. नवरा पाळीवरून येऊन झोपला होता.

"आप्पा चपलेवाल्याला उभं करत नाही. मी दिवाळीला घेणारच आहे बूट. भाऊंना सांगू नका हां. तुम्ही तर तशाही कोणाला काही सांगत नाही!" आणि तो हसला.

मला नाही म्हणता येत नाही. हो म्हणताही येत नाही. मी बूट पायाने उंबऱ्याबाहेर सरकवले.

मला आतून ऐकू येत होतं. विनोद म्हणत होता, "आप्पा, बराबर पाछळ लेजो हां, एकदम मागे, फोटोतल्यासारखं." आणि आप्पा म्हणत होते, "तुनं अंग केवढं आनि पाय केवढा रे! वाढानं र्‍हायनं शे का आजून?" सगळे हसले. थोड्या वेळाने पुठ्ठा माझ्याकडे आला. मी खडूवरून कात्री फिरवली. नऊ नंबरचा पाय होता. विनोदचा सातसुद्धा नसेल.

गाडी तयार झाली त्या दिवशी त्याने पुन्हा बूट नेले आणि आणून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून निळी रबरी चप्पल. लेथचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे आप्पांना रस्ता दिसत नसे. मी दारात बसून धागे कापायचे, मला दिसायचं. ब्रेक मारताना त्याला अंगठा ताणावा लागायचा, टाच फुटरेस्टवरून उठायची. मी रोज ठरवायचे, आज आप्पांना सांगू. पाणी द्यायच्या निमित्ताने दोनदा गाळ्यात गेलेही. पाणी ठेवून परत आले.

तिसऱ्या आठवड्यात कडोदऱ्याच्या रस्त्यावर पुढचा ट्रक थांबला आणि विनोद थांबला नाही. तो जागीच गेला. बघणारे म्हणाले, ब्रेक लागला नाही. पायात काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

अंत्ययात्रेला माझा नवरा तेच बूट घालून गेला. आप्पा त्याच्या शेजारूनच चालत होते. मी दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, आप्पा, खाली बघा. एकदा खाली बघा. त्यांनी ते बूट नक्की ओळखले असते. पण त्या दिवशी आप्पांनी कोणाच्याच पायांकडे बघितलं नाही.

पुढे ती मोडकी गाडी टेम्पोत घालून आणली. आप्पांनी पेडल, दांडा, पिन, सगळं सोडवून पाहिलं. कुठेही काही तुटलं नव्हतं, अडकलं नव्हतं. मग ते खिळ्यावरचा पुठ्ठा काढून माझ्या दारात आले.

"माय, हाई तूच कापेल ना?"

"हो."

"खडूवरथून कापं का बाहेरथून?"

"खडूवरून."

ते उभे राहिले. पहिल्यांदाच माझ्या उत्तराची वाट बघत होते. ते बूट त्याचे नव्हते, एवढे चारच शब्द होते. आत नवरा खोकला, आणि मी खाली बघून कात्री उचलली.

"मंग मन्हंच चुकनं," आप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कोणाचे पाय केले नाहीत. पोरं यायची, ते हात हलवून परत पाठवायचे. लूमचे भाग करतानाही एकेक माप चार-चार वेळा घ्यायचे, तरी विश्वास बसायचा नाही. कारखानदार दुसरीकडे जाऊ लागले. थंडी सरायच्या आत त्यांनी लेथ विकला. मुलीकडे जायला निघाले तेव्हा पुठ्ठ्यांची चवड माझ्यापुढे ठेवली. "बंबात घाल. पानी तापाले कामा येतीन." मग आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "काही म्हनतीस का, माय?"

मी म्हटलं, "चहा घेता का?"

त्यांनी चहा घेतला. बशी उलटी घालून ठेवली आणि गेले.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं. आप्पा गेले. शेवटी शेवटी अंथरुणावर हाताच्या बोटांनी काहीतरी मोजत असायचे, असं तिने लिहिलं होतं.

बाकीचे पाय मी बंबात घातले. विनोदच्या नावाचा हा एक ठेवला. नवऱ्याने ते बूट टाकायला काढले, तेही मी माळ्यावर ठेवले. घरात कोणी नसलं की पुठ्ठा जमिनीवर मांडते आणि उजवा बूट त्यावर ठेवते. चारी बाजूंनी बोट फिरवून बघते. कुठे केसाएवढाही फरक नाही.

आप्पा, तुमचं माप बरोबर होतं. ते बूट त्याचे नव्हते.