स्टँडवरची सायकल

पंच्याऐंशीच्या आसपास बोरिवलीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावरचे काका दर रविवारी सकाळी अंगणात सायकल स्टँडवर लावायचे आणि तिच्यावर बसून, डोळे मिटून पेडल मारायचे. मागचं चाक हवेत गुणगुणत राहायचं. एका रविवारी पायात चप्पल, पुढच्या रविवारी बूट. चप्पल सटकायची, बुटाचा तळ जाड वाटायचा. “पेडल पायाला कळलं पाहिजे रे,” ते म्हणायचे. लोखंडी पेडल काढून रबरी बसवली, तरी मनासारखा जोड मिळेना. तो मिळाला की खाडीपलीकडे गोराईला जायचं, हे कधीचं ठरलेलं.

शेवटी मीच त्यांच्यासाठी पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून काका पेडल मारू लागले आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. वारा नव्हता, तरी त्यांचे केस उडतायत असं मला वाटलं.

“काका, स्टँड काढू?”

पाय थांबले. चाक मात्र फिरत राहिलं.

“अंगठ्याला चावतोय रे,” बूट काढत ते म्हणाले.

बूट मी मुद्दाम एक नंबर मोठा घेतला होता. पायरीवर बसलो आणि विचारलं, “कुठवर पोचला होतात?”

“खाडी दिसायला लागली होती,” काका म्हणाले.