सातव्या जनुकाची नोंद

एका छापील लेखातल्या तळटिपेच्या आकड्याशेजारी पेन्सिलीची बारीक खूण आहे. खूण माझीच. ती करताना माझ्या डोक्यात काय होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तरी सांगून टाकायचं ठरवलं आहे.

मी ग्वाल्हेरला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, राहतो दाना ओलीत. मातीतले काही जिवाणू औषधी द्रव्यं तयार करतात आणि ती तयार करणारी जनुकं बहुधा एका रांगेत असतात. कोणतं जनुक काय काम करतं, याच्या नोंदी जगभरचे लोक मिळून एका खुल्या संग्रहात ठेवतात. लेख वाचायचा, रकाने भरायचे, शेवटी पुरावा कसला ते निवडायचं: ‘साम्यावरून अंदाज’ किंवा ‘प्रयोगाने सिद्ध’. एकाने भरलेलं दुसऱ्याने तपासायचं. पैसा कुणालाच नाही. शनिवारी दुपारी मी हे करत बसे, तेव्हा बायको म्हणायची, "फुकटच निवडून द्यायचं होतं, तर घरात तांदूळ होते की." मी हसायचो. माझं स्वतःचं संशोधन केव्हाच बंद पडलं होतं. या नोंदींखाली निदान माझं नाव येई.

त्यात एका पिवळ्या द्रव्याची नोंद मी केली. रांगेतलं सातवं जनुक त्या द्रव्याला साखरेचा तुकडा जोडत असावं असं मला वाटलं, कारण त्याच्यासारखं दिसणारं दुसरं एक जनुक तेच काम करतं. पुरावा: साम्यावरून अंदाज. इथवर ठीक होतं. दोनेक वर्षांनी बाहेरचा एक लेख वाचनात आला. त्यात एक वाक्य होतं, की हे जनुक साखर जोडतं हे ज्ञात आहे. मग आणखी एका लेखात तेच. मला बरं वाटलं, फारच बरं वाटलं. दोन्ही संदर्भ जोडून मी पुरावा बदलला, ‘प्रयोगाने सिद्ध’ केला. तपासणाऱ्याने दोन संदर्भ मोजले आणि मंजूर केलं.

दोन ठिकाणांहून कळलं की खरं मानायचं, हा आमच्या आईचा नियम. इकडे मराठी घरं मोजकी, त्यामुळे स्थळांची चौकशी तिच्याकडे येई. एका मुलाबद्दल ती सराफ्यातल्या हळदीकुंकवात सहज बोलून गेली, की पोरगा फार खोकतो, छातीचं काही नसलं म्हणजे मिळवली. महिन्याभराने तिला टोपी बाजारातून कळलं की त्या मुलाची छाती नाजूक आहे, आणि सराफ्यातूनही कळलं. तिने मुलीच्या वडिलांना गंभीरपणे तसं सांगितलं. स्थळ मोडलं. तिचंच बोलणं गावभर फिरून तिच्याकडे आलं होतं, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. पुरावा म्हणजे काय हे शिकवताना हा किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगत आलो. मुलं हसायची. मीही हसायचो.

त्या हसणाऱ्यांत आमच्या समोरच्या घरातली मुलगी होती. कॉलेजात मला सर म्हणायची, घरी काका. पुढे ती विद्यापीठात पीएचडीला लागली तेव्हा विषय मीच सुचवला, नोंद उघडून दाखवून. सातवं जनुक काढून टाकायचं, म्हणजे बिनसाखरेचं द्रव्य मिळेल. ते औषध म्हणून जास्त चांगलं चालतं का, ते पाहायचं. तीन वर्षं ती जनुक काढत होती. जनुक निघायचं, साखर जागच्या जागी.

"काका, फिर वही," हिवाळ्यात एकदा तिळाच्या गजकाचा पुडा ठेवत ती म्हणाली. "साखर आहे तशीच."

"जनुक पूर्ण निघालंय ना?"

"तीनदा चेक केलं. गाईड म्हणतात तुझ्या हातात सफाई नाही. लॅबमध्ये माझं नाव पाडलंय, शुगर पेशंट." ती हसली, पण अर्धंच. मग म्हणाली, "नोंद पक्की आहे ना?"

"पक्की," मी म्हणालो.

पुढे आमचा संग्रह दुसऱ्या एका मोठ्या संग्रहात मिसळायचं ठरलं. सगळ्या नोंदींची नव्याने मांडणी. ‘प्रयोगाने सिद्ध’ असेल तिथे कोणता प्रयोग, लेखातली कोणती आकृती, ते लिहायचं होतं. मी कपाटातून ते दोन लेख काढले. आकृती सापडेना. दुसऱ्या लेखातला संदर्भ पहिल्या लेखाचा होता. पहिल्या लेखातल्या वाक्यावर तळटीप होती, तिचा आकडा यादीत शोधला, तर तिथे आमच्याच संग्रहातली नोंद. माझी.

आणि त्या आकड्याशेजारी पेन्सिलीची खूण. मी वाचताना खुणा करतो, खूण म्हणजे ‘पाहिलं’. मग मी तेव्हाच पाहिलं होतं? कधी वाटतं, आकड्यावर खूण करून तसाच पुढे गेलो असेन. कधी ती दुपार स्पष्ट दिसते: मी यादीचं पान उलटतो, वाचतो, आणि लेख मिटतो. पण हे आता रचलेलं दृश्यही असू शकतं. जितकं आठवायला जावं तितकं ते ठळक होतं, म्हणून त्याच्यावर आणखीच विश्वास बसत नाही.

नव्या मांडणीत एक सोयीचा पर्याय होता: ‘जुन्या संग्रहातून आलेली नोंद, मूळ पुरावा उपलब्ध नाही.’ संस्थान विलीन झालं तेव्हा आजोबा दफ्तरात कारकून होते. ते म्हणत, रजिस्टरं एक झाली की चूक सरकारी होते. मी तो पर्याय निवडला. पाठवला मात्र नाही. दोन आठवडे ते पान संगणकावर तसंच उघडं राहिलं.

मग एका रविवारी सकाळी समोरच्या वहिनी, म्हणजे तिची आई, म्हणाल्या, "उद्या पीएचडी सोडल्याचा अर्ज देणार आहे ती. कोचिंगला शिकवते म्हणते. भावजी, तुम्हीच समजवा, तुमचं ऐकते."

दुपारी तिला बोलावलं. दोन्ही लेख आणि नोंदीचा इतिहास पुढे ठेवला. ती हुशार आहे, वेळ लागला नाही.

"हा ह्याचा संदर्भ देतो. हा तुमचा. और आप इन दोनों का." तिने बोटाने टेबलावर गोल काढला. "काका, ही तर आजींची छातीवाली गोष्ट झाली."

"हो."

"आणि ही खूण?"

"माझी."

"म्हणजे पाहिलं होतं तुम्ही."

"ते आठवत नाही. पण तू गजक घेऊन आलीस, नोंद पक्की का विचारलंस, तेव्हा मी उघडून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. भीती वाटली. ते आठवतं."

तिने दोन्ही लेख एकावर एक ठेवले. "तीन साल, काका," म्हणाली. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. "म्हणजे माझ्या हातांना काही झालेलं नाही."

"नाही. त्या जनुकावर खरा प्रयोग एकच झालाय. तुझा."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ती खुर्ची ओढून संगणकासमोर माझ्या शेजारी बसली. मी सोयीचा पर्याय काढून पुन्हा ‘साम्यावरून अंदाज’ निवडायला गेलो, तर म्हणाली, "अंदाज पण नको. कामाच्या रकान्यात लिहा, माहीत नाही." ते लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, की पुरावा म्हणून दिलेले लेख याच नोंदीवर आधारलेले होते. "कुणी दिले?" तिने विचारलं. मी माझं नाव घातलं आणि पाठवलं.

"उद्या गाईडकडे चला," ती म्हणाली. "मी एकटीने सांगितलं तर बहाना वाटेल. हे खुणेचं पान घेऊन चला."

सोमवारी तिच्या स्कूटरवर मागे बसून विद्यापीठात गेलो. तिच्या गाईडनी लेख वाचले, तळटिपेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आपको पता था?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती पानाकडे पाहत होती. माहीत नव्हतं म्हटलं असतं तर प्रकरण गैरसमजाचं झालं असतं, आणि गैरसमजात तिच्या हातांच्या सफाईचा विषय पुन्हा निघाला असता. निदान मी तसा विचार केला असं आता वाटतं.

"हाँ," मी म्हणालो. "पता था."

तिने अर्ज दिला नाही. साखर दुसरं कोणतं जनुक जोडतं, ते ती आता शोधते आहे. त्या दिवशी खोलीबाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, ते पान माझ्याकडे राहू द्या." मी दिलं. घराबाहेर ती मला सरच म्हणायची, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. गजक घेऊन मात्र पुढच्या हिवाळ्यात कुणी आलं नाही.