चरबीच्या फुग्यातला निरोप

तेल पाहून हरखून जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझा मावसभाऊ. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या मावसाजींचं, गुडीहत्नूरला तेलाचं दुकान होतं. पण जन्मभर तेल विकूनही त्यांना कधी असा उमाळा आला नव्हता. हा मात्र लग्नाच्या पंगतीत वांग्याच्या भाजीवरची तर्री बोटाने हलवायचा आणि शेजाऱ्याला म्हणायचा, "पाहा, तेल तेलाले कसं घरात घेते." शेजारी बिचारा वाढप्याची वाट बघत मान डोलवायचा.

नव्वदीच्या दशकात तो हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. पेशीतलं एखादं जनुक नको ते करू लागलं, तर त्याला गप्प बसवणारा आरएनएचा निरोप आत धाडायचा, हे त्याचं वेड. पण उघडा निरोप वाटेतच कुरतडला जातो, आणि पेशी त्याला दारातही उभं करत नाही. म्हणून मावसभाऊ तो निरोप चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यात भरायचा. पेशीची कातडीही चरबीचीच, त्यामुळे फुगा सोयऱ्यासारखा थेट आत. हे मला पाठ झालं, कारण सुट्टीत आला की आदिलाबादच्या माझ्या खोलीवर तो डझनांनी अंडी फोडायचा. बलकातल्या चरबीचे फुगे करायचे होते, आणि मावशीच्या घरात अंड्याचं नावही चालत नसे. वास महिनाभर जात नसे, पण त्याचा चेहरा पाहून मला रागावता येत नसे. खरं सांगायचं तर बलकाच्या बाटल्या हलवण्यात मीही रंगून जायचो.

"तेलाचंच करायचं हाये, तं दुकानात काऊन नाई बसत?" मावसाजी विचारत. अखेर एका वर्षी त्यांनी निक्षून सांगितलं, दिवाळीपर्यंत त्या फुग्यांचं काही झालं तर ठीक, नाहीतर लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या गादीवर बसायचं. बापाने मुलाला गादी द्यायची ती त्याच संध्याकाळी, अशी त्यांच्या घरची रीत होती.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या दुकानात त्याचा फोन आला. मावसाजी धावत गेले. पलीकडून तो ओरडून सांगत होता, "बाबा, निळं काईच दिसलं नाई." तेवढ्यात लाइन तुटली. मावसाजींनी घरी येऊन सांगितलं, "पोट्ट्याले काई दिसलं नाई." मावशीने डोळ्याला पदर लावला. मावसाजींनी तलमडुगूचा नवा कापूस आणून गादी भरून घेतली, वर पांढरी खोळ चढवली आणि बाजारातल्या मंडळींना पूजेचं बोलावणं धाडलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही सगळे दुकानात जमलो असताना स्वारी बसमधून उतरली ती पेढे घेऊनच. पोराने मनावर दगड ठेवला, असं समजून मंडळींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं.

"बाबा, त्या जनुकानं पेशी निळी होते. एका बशीत फुगे टाकले, एका बशीत नाई. बिनफुग्याची निळीशार झाली. फुग्याची कोरीच्या कोरी. म्हंजे निरोप आत गेला, जनुक गप बसलं." मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलंही.

"म्हंजे, दिसलं नाई म्हणून झालं?" मावसाजींनी विचारलं.

"झालं, बाबा. प्रयोगशाळेतले मास्तर म्हणे, अजून तीन वर्षं काम कर."

मावसाजी नव्या गादीकडे पाहत राहिले. मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मंग जाय तू. तिकडचं पाहा."

पूजेला ते स्वतःच गादीवर बसले, पण कडेला, मधली जागा सोडून. पुढे रोजच तसे बसू लागले. मावसभाऊ दिवाळीला आला की त्या जागेवर मांडी घालून गिऱ्हाइकांना फुगे समजावायचा, आणि मावसाजी तेल मोजायचं विसरून त्याच्याकडे बघत राहायचे. मग हैदराबादच्या बसची वेळ व्हायची. तो गेल्यावर मावसाजी खोळीवरची सुरकुती हाताने नीट करायचे आणि पुन्हा कडेलाच बसायचे.