तंजावूरच्या नळावर मला विचारलेला प्रश्न

तंजावूरला जायचं ठरलं ते एका भांडणामुळे. आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शाळेत कुठली भाषा सक्तीची असावी यावरून जुंपली होती. तेहेतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवल्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. तिसऱ्या दिवशी गटप्रमुखांनी मला हात जोडल्याची सात चित्रं पाठवली, आणि मी रागाने गट सोडला. त्याच आठवड्यात गोपाळरावांचा संदेश आला.

गोपाळराव म्हणजे या ब्लॉगचे तंजावूरचे वाचक. खरं तर श्रोते. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण देवनागरी वाचता येत नाही. माझे लेख ते फोनकडून मोठ्याने वाचून घेतात आणि इंग्रजी अक्षरांत मराठी उत्तर पाठवतात. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही लिहितां, आम्ही ऐकतों. एकदां या." त्यांची सून इंदुमती वॉर्डाच्या निवडणुकीला अपक्ष उभी आहे, हेही लिहिलं होतं. तमिळ मुलुखात मराठी बाई निवडणूक लढवते आहे म्हटल्यावर मी काय घरी बसणार? नवऱ्याला फ्रीजमधले डबे दाखवले आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे एग्मोर स्टेशनवरून कुंभकोणममार्गे जाणारी दिवसाची गाडी पकडा. वेळ जास्त लागतो, पण खिडकी सार्थकी लागते. पापनाशमच्या आसपास दोन्हीकडे भातच भात आहे. माझ्यासमोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने मोडक्या हिंदीत विचारलं, कुठून आलात. महाराष्ट्र म्हटल्यावर तिने विचारलं की तिकडे आलो तर आम्हाला हिंदी बोलावंच लागेल का. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही सध्या त्यावरूनच डोकी फुटताहेत. तिला फार बरं वाटलं, आणि तिने मला अर्धा मुरुक्कू दिला. मुरुक्कू म्हणजे त्यांची चकली. आपल्यापेक्षा कडक, दात असतील तरच खावी.

गोपाळरावांचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. स्टेशनवरून टाउन बस मिळते. ऑटो केलीत तर बसण्याआधी भाव ठरवा, घासाघीस तमिळ न येताही होते. इंदुमती चाळिशीची, दिवसभर शिवणकामाचं दुकान चालवते आणि संध्याकाळी प्रचार. सहा वर्षं ती गल्लीतल्या गटारासाठी आणि नळाच्या पाण्यासाठी अर्ज करते आहे. शेवटी एक अधिकारी तिला म्हणाला, एवढं आहे तर तुम्हीच निवडून या. म्हणून ती उभी राहिली. ही जागा मिळाली नाही तर पुढची पाच वर्षं पुन्हा अर्जच, असं ती मला भाजी चिरता चिरता म्हणाली. जेवायला केळीच्या पानावर रसवांगी, म्हणजे वांग्याची डाळ घातलेली भाजी होती, आणि डांगर पचडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर. ती मी तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं देऊळ पाहिलं. लवकर जा आणि पायात मोजे घाला. दहानंतर अंगणातला दगड पाय भाजतो. तिथे भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. मी तो बोट फिरवत वाचला आणि माझा ऊर असा काही भरून आला की विचारू नका. त्या भरात घरी येऊन मी बॅगेतला भगवा फेटा काढला. इंदुमतीच्या सत्कारासाठी पुण्याहून आणला होता. तिच्या डोक्यावर बांधला, फोटो काढला आणि ब्लॉगच्या पानावर टाकला. वर ओळ लिहिली: "तंजावूरचं तख्त पुन्हा मराठ्यांकडे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुण्याच्या वाचकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. पण आता फोनला सगळ्या भाषा येतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती ओळ तमिळ होऊन वॉर्डातल्या प्रत्येक गटात फिरली होती, फेट्यातल्या फोटोसकट. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात डिग्री कॉफी, म्हणजे निर्भेळ दुधातली फिल्टर कॉफी, प्यायला गेले. तिथे रोज अमेरिकेचा व्हिसा, आखातातलं युद्ध आणि गॅसचा भाव यांवर चर्चा चालते. त्या दिवशी माझ्यावर चालली होती. शब्द कळत नव्हते, पण सगळे आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.

घरी आले तर गोपाळराव पहिल्यांदाच चिडलेले दिसले. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की आमचे लोक इथे साडेतीनशे वर्षं आहेत, आणि आजपर्यंत या गल्लीत कुणी आम्हांला बाहेरचे म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा म्हटलं. इंदुमती मशीनवर बसून कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत होती. तिचे डोळे लाल होते. मला इतकी लाज वाटली की मी ताबडतोब फोन काढून फोटो पुसायला निघाले.

"पुसूं नका, मामी," ती म्हणाली. "पुसलं तर लपवलं म्हणतील. माझ्याबरोबर चला. लिहिलं तुम्ही, सांगायचंही तुम्हीच. मी तमिळमध्यें सांगतें."

इथे उमेदवार दारात आला की घरातली बाई हळदकुंकवाच्या पाण्याचं ताट ओवाळते. त्या दिवशी पहिल्या चार घरांत ताट निघालंच नाही. बाया दारात उभ्या राहून ऐकत आणि मान हलवून आत जात. मी प्रत्येक दारात तेच सांगत होते: चूक माझी, हिला विचारलंसुद्धा नव्हतं. मतदान दोन दिवसांवर होतं आणि इंदुमतीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मग आम्ही सार्वजनिक नळावर पोचलो. रंगीत प्लॅस्टिकच्या घागरींची रांग होती. फुलं विकणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई, सगळे त्यांना पाट्टी म्हणजे आजी म्हणतात, घागरीवर हात ठेवून माझं सगळं म्हणणं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि इंदुमतीने तो मला मराठीत सांगितला.

"त्या विचारतात, तुमच्या गांवीं बाहेरून आलेलं माणूस उभं राहिलं, तर तुम्ही मत द्याल काय?"

वर्गात या प्रश्नावर मी पाऊण तास बोलले असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण मला आमच्या सोसायटीची निवडणूक आठवली. सेक्रेटरीच्या जागेसाठी माझ्याविरुद्ध मिश्राजी उभे होते. बावीस वर्षं आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मूळचे बिहारचे. मी दारोदार फिरून सांगितलं होतं, कामाचं नंतर बघू, आधी माणूस आपला हवा. आणि निवडून आले होते. आणि माझा भाचा अमेरिकेत व्हिसाच्या चिंतेत झोपत नाही, तेव्हा मीच तिकडच्या लोकांना संकुचित म्हणते.

खोटं बोलणं सोपं होतं. इंदुमतीला तेच सोयीचंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "दिलं नव्हतं. दुसऱ्यांनाही देऊ दिलं नाही."

इंदुमतीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग ते जसंच्या तसं तमिळमध्ये सांगितलं. पाट्टी घागरीवरचा हात काढून माझ्याकडे वळल्या. मग हसायला लागल्या, आणि त्यांच्यामागे सगळी रांग हसली. त्या म्हणाल्या की ही बाई खरं बोलते, म्हणजे इंदुला विचारलं नव्हतं हेही खरंच असेल. आणि आमच्या इंदुला बाहेरची म्हणायचा अधिकार पुण्याच्या बाईला नाही, इथल्या कुणाला तर मुळीच नाही. नाळ इथेच पुरली आहे तिची. मग त्यांनी आपली घागर बाजूला घेतली, टोपलीतला मोगऱ्याचा गजरा तोडून अर्धा इंदुमतीला दिला आणि अर्धा मला. उरलेल्या गल्लीत चार ताटं निघाली. सगळीकडे नाही, पण निघाली.

परतीच्या आधी राजवाडा पाहिला. तिकिटं वेगवेगळी आहेत, सकाळ मोकळी ठेवा. तिथल्या ग्रंथालयात मोडी कागदांसमोर पुन्हा ऊर भरून आला. या वेळी फोन पिशवीतच राहू दिला.

निकाल लागला तेव्हा मी पुण्यात पोचले होते. गोपाळरावांनी फोन केला, आणि मागे एवढा गलका होता की त्यांना दोनदा सांगावं लागलं: इंदु आली. थोड्याच मतांनी, पण आली. माझ्या त्या ओळीने तिची किती मतं गेली हे मला कधीच कळणार नाही, आणि ते मनातून जातही नाही. फोटो अजून पानावर आहे. खाली सगळी हकिगत लिहिली आहे.

संध्याकाळी कुंभकोणमची कॉफी पावडर घेऊन मी मिश्राजींच्या दाराशी गेले. या वर्षी सेक्रेटरी तुम्ही व्हा, मी उभी राहत नाही, उलट तुमच्यासाठी दारोदार फिरेन, असं सांगितलं. मागच्या वेळी काय बोलत फिरले होते तेही सांगितलं. त्यांनी पुडी हातात घेतली, वास घेतला.

"ते कळलं होतं मला," ते मराठीतच म्हणाले. "पण मॅडम, मागच्या वेळी माझंही मत तुम्हालाच होतं. पाण्याचा टँकर तुम्ही वेळेवर आणता."