आवाज बंद ठेवायचा बुधवार

उल्काताई वझलवारांना कॉम्प्युटरची आवड कधीच नव्हती. नागपूरला त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावर बरीच वर्षं लायब्ररीत काम केलं. घरातलं वायफाय, प्रिंटर, पासवर्ड हा सगळा कारभार रवींद्ररावांचा. ते ट्रेनने शिकागोला जाऊन सॉफ्टवेअरची नोकरी करायचे, आणि घरात कुणी माऊसला हात लावला तरी ‘काय दाबलंस?’ म्हणून विचारायचे.

मग रवींद्ररावांना एएलएस झाला. या आजारात स्नायू एकेक करून साथ सोडतात, डोकं मात्र सहसा शाबूत राहतं. वाचा जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून बोलता येत होतं तोवर त्यांनी रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली. ‘उशी वर घे’, ‘चहात साखर कमी आहे’, ऋषी या मुलाला मारायच्या हाका, आणि खास नागपुरी चार शिव्याही. आता व्हीलचेअरला लावलेल्या टॅबलेटवर ते ज्या वाक्याकडे टक लावून बघतील ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. खालचा छोटा कॅमेरा त्यांची नजर ओळखतो. नवीन काही सांगायचं असलं तर नजरेनेच अक्षरं टिपायची. ते मशीनच्या कोरड्या आवाजात येतं.

एकदा डॉक्टरांशी बोलताना ते मशीन अपडेट घेण्यासाठी आपोआप रीस्टार्ट झालं. रवींद्रराव अर्ध्या वाक्यात अडकले आणि डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले. त्याच दिवशी रवींद्ररावांनी तेव्हा घरी आलेल्या ऋषीला सांगून सगळी अपडेट्स बंद करून टाकली.

हे नेत्राला कळलं तेव्हा ती गंभीर झाली. नेत्रा म्हणजे क्लिनिकमधली त्यांची स्पीच थेरपिस्ट. तिने समजावून सांगितलं, की मशीनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, त्यातच दोष सापडतात, अगदी चिपच्या घडणीत. वेग वाढवायला प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर ते टाकून देतो, पण मागे खुणा उरतात, आणि त्या वाचून एखादा चोरटा प्रोग्रॅम दुसऱ्याची गुपितं काढू शकतो. चिप काही बदलता येत नाही. या वाटा बुजवणारी अपडेट्स घेत राहणं एवढंच आपल्या हातात.

उल्काताईंनी ते आपल्या भाषेत बसवलं. पाहुणे येतील म्हणून कणीक भिजवली आणि ते आलेच नाहीत, तरी परात बघून शेजारणीला कळतंच ना, कितीजण येणार होते ते. रवींद्ररावांचं सगळं जग त्या एका मशीनमध्ये होतं. बँक, डॉक्टरांचे निरोप, मित्रांशी चाललेली भांडणं. ते उघड्यावर ठेवायचं नाही, असं उल्काताईंनी ठरवलं.

ऋषी सिअ‍ॅटलला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, चालतंय ना? डोन्ट टच इट. मी थँक्सगिव्हिंगला आलो की बघतो."

नोव्हेंबरातल्या त्या सणाला अजून बराच अवकाश होता. रवींद्ररावांचाही विरोध होता. त्यांनी एकेक अक्षर टिपत वाक्य पुरं केलं: "बिघडलं तर मी मुका होईन."

उल्काताई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "आधी तुमचा आवाज दुसरीकडे उतरवून घेते," त्या म्हणाल्या. "तो तिथून नीट ऐकू आला तरच मशीनला हात लावीन. पण लावीन."

तसंच त्यांनी केलं. सगळी रेकॉर्डिंग्ज एका वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी केली, आपल्या लॅपटॉपला तो जोडून एकेक वाक्य ऐकलं. शिव्यासुद्धा. मग एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी, चार्जर लावून, त्यांनी अपडेट सुरू केलं. आधी विंडोज, मग ब्राउझर, शेवटी मशीन बनवणाऱ्या कंपनीचं, थेट प्रोसेसरपर्यंत पोचणारं. हे चालू असताना वीज तुटता कामा नये, असं नेत्राने बजावलं होतं. स्क्रीन काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. उल्काताईंनी चार्जरची पिन हाताने दाबून धरली होती. त्याची गरज नव्हती, पण हात सुटेना.

मशीन सुरू झालं. पण कॅमेरा रवींद्ररावांची नजर ओळखेना.

दुपारभर ते खरोखरच मुके झाले. उल्काताईंनी जुना अक्षरांचा पुठ्ठा काढला. त्यांनी अक्षरावर बोट ठेवायचं, रवींद्ररावांनी पापणी मिटायची. ऋषीला फोन केला तर तो म्हणाला, सगळं रोलबॅक कर, म्हणजे पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं म्हणजे पुन्हा उघड्यावर, हे उल्काताईंना आता कळत होतं. त्यांनी नकार दिला. नेत्राला विचारलं, कॅमेऱ्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर शोधलं, तिथे त्याचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम, सापडला. पहिल्यांदा चुकीचा उतरवला. दुसऱ्यांदा बरोबर. दिवे लावायच्या सुमारास कॅमेऱ्याखालचा लाल ठिपका पेटला आणि खोलीत रवींद्ररावांचा आवाज आला, "चहात साखर कमी आहे."

उल्काताईंनी तोंडाला पदर लावला. मग चहा टाकला.

त्यानंतर दोघांनी अपडेट्ससाठी महिन्याचा दुसरा बुधवार ठरवून टाकला. रवींद्ररावांची अट एकच: मशीनने मधेच तोंड बंद करायचं नाही, ते आपण ठरवून बंद करायचं. त्या सकाळी पुठ्ठा असतो, आणि उल्काताई सांगतात की मशीनपेक्षा पुठ्ठ्यावर ते जास्त खरं बोलतात. पुठ्ठ्यावर बोलायचं तर बायकोकडेच बघावं लागतं.

पुढे नेत्राने जवळच्या शॉमबर्गमधल्या, घरात असंच मशीन असलेल्या एका कुटुंबाला उल्काताईंचा नंबर दिला. तिथल्या बाईंनी दारातच सांगितलं, की आमचं मशीन चालतंय, कशाला छेडायचं. उल्काताई बूट काढून आत गेल्या, मशीनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भीती वाटते ना? मलाही दर वेळी वाटते. चला, कॉपी करायला घेऊ."