धाकटीच्या इंग्रजीच्या शंका

आमच्या धाकट्या बहिणीशी माझा दोन वर्षं अबोला होता, पण तिच्या इंग्रजीच्या शंका मला नियमित येत. मी बोरीवलीच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. ती राहते मुलुंडला, अंधेरीच्या ऑफिसात बिलांचं काम बघते. शेवटच्या दुखण्यात आईने कोणाकडे राहायचं यावरून आमचं वाजलं होतं. दोघींनाही ती आपल्याकडेच हवी होती. आई धाकटीच्या घरी वारली, आणि तेराव्यानंतर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

महिनाभराने फोनवर तिचा मेसेज आला. ताई नाही, कशी आहेस नाही, थेट प्रश्न: स्टाफ इज की स्टाफ आर? मी कळवलं, इज. मग दर आठवड्याला काही ना काही सुरू झालं. आपण ‘तीन वर्षांपासून’ म्हणतो तिथे सिन्स का चालत नाही, फॉर का लागतो. ‘वन ऑफ द बिल्स’च्या पुढे आर का नाही. मी नियम लिहून पाठवायची, खाली एक उदाहरण. ती ओके म्हणायची. ताकाला जाऊन भांडं लपवणं आमच्या घराण्यातच आहे. पण ताक देणारीनेही भांडं दिसत नसल्याचं सोंग करायचं, हे आमचंच.

मला राग यायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत हिला एवढंही येऊ नये? आणि एखाद्या आठवड्यात शंका आली नाही की त्याहून जास्त राग यायचा. मग मी उगाच फोन चालू आहे ना ते बघत बसायची.

गेल्या श्रावणात एका दुपारी मेसेज आला: आय अ‍ॅम अलोन सिन्स संडे, बरोबर आहे का? मी सवयीने ‘आय हॅव बीन’ टाइप केलं आणि थांबले. बिलांच्या कामात एकटं कोण असतं? तिचा नवरा आईच्याही आधी गेलेला. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला जाणार हे मावसभावाकडून कानावर आलं होतं. म्हणजे गेली होती.

मी उत्तर पुसलं, सकाळचं अळूचं फतफतं डब्यात भरलं आणि मुलुंडची बस पकडली. जाऊन काय बोलायचं ते वाटभर ठरवत होते. पोरांकडून वाक्यं घोकून घेणारी मी, मला एकही जमेना.

दार तिनेच उघडलं. वाळली होती. तिने डबा हातातून घेतला आणि आधी झाकण उघडून वास घेतला.

“वाक्य चुकलंय तुझं,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“माहीत आहे गं. आमच्याकडे कॉम्प्युटरच चुका काढून देतो, केव्हापासून.” ती डबा घेऊन आत वळली. “पण बरोबर लिहिलं असतं, ताई, तर तुला काय म्हणून पाठवलं असतं?”